घोटभर जास्त पाणी

“दुधात पाणी हाय,” सत्यभामा मापाकडं बघत म्हणाली.

“पाणी असतं तर दुधात कशाला टाकलं असतं? प्यालो नसतो का!” किटली घेऊन उभा असलेला बिभीषण म्हणाला.

चौसाळ्याच्या दूध संस्थेतली सगळी रांग हसली. सत्यभामाला मात्र हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. बिभीषणची आणि तिची ओळख झाली ती अशी. त्या दुष्काळात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, किटल्या निम्म्या रिकाम्या यायच्या. हा पठ्ठ्या लिटरभर दुधासाठीही रोज यायचा आणि मुद्दाम रांगेच्या शेवटी उभा राहायचा. का, ते तिला कळत होतं. म्हणून ती वर बघायची नाही... एकदा सोडून.

गौरीच्या सणाला त्यानं खिशातून एक कांदा काढला.

“एवढ्यात झुणका व्हायचा न्हाई,” ती म्हणाली.

“खायचा न्हाई! फुलझाडाचा कांदा हाय. परवा साखर कारखान्यावर गेलतो, तितल्या माळीबुवानं दिला. बाटलीच्या तोंडावर ठिवायचा, बुड पाण्याला नुसतं टेकवायचं. माती लागत न्हाई. घरातल्या घरात निळं फूल येतंय.” मग त्याचा आवाज उतरला. “सत्यभामा... एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. जोडी असली तरच टोळीत घेतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायचंय. तू... येशील?”

तिचे कान तापले. पण सहा महिने ऊस तोडायचा, संस्थेची नोकरी सोडायची...

“फूल आलं की सांगते,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीच तिचा होकार मनातल्या मनात ठरला. आता फुलाची घाई तिलाच झाली. तहानलेल्या घरात माया करायची एकच रीत तिला ठाऊक होती. आपल्या वाट्याच्या तांब्यातलं पाणी ती रोज बाटलीत ओतायची, कांदा निम्मा बुडेपर्यंत. बाराव्या दिवशी वास सुटला. कांदा सडून मऊ झाला होता.

“फूल?” त्यानं दुसऱ्या सकाळी विचारलं.

त्यानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू आपण मारली, हे तिच्यानं सांगवेना. “अजून... न्हाई,” ती म्हणाली. उद्या विचारील तेव्हा सरळ ‘हो’च म्हणायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर संस्थेसमोर थांबला. किटली परत द्यायला बिभीषण उतरला. त्याच्या हातांची हळद अजून गेली नव्हती. मागं ट्रॉलीत हिरव्या बांगड्या भरलेली त्याची बायको कडूबाई बसली होती.

“कांदा सडला होता,” सत्यभामा घाईनं बोलली. “मीच जास्त पाणी घातलं. लाजंनं बोलले न्हाई. पण माझं... हो होतं.”

त्याचा चेहरा पडला. “मला वाटलं, तोंडावर न्हाई म्हणायचं तुझ्या जिवावर आलं. मला फूल कुठं पायजे होतं गं...”

मुकादमानं हाक मारली. बिभीषण ट्रॉलीत चढला. नव्या नवरीनं पदर सावरत विचारलं, “ह्या कोण वं?”

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

“संस्थेतल्या बाई हायेत,” तो म्हणाला.