कमलम्माची शपथ

वेणी घालताना कमलम्माने पेड मुद्दामच ओढला, जरा जास्तच ओढला... भुवनेश्वरीची मान मागे गेली, पण तोंडातून हूं की चूं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "काही लोकांचं हात मोडून भागलं नाही. आता मान पाहिजे त्यांना."

"ज्यांचं डोकं दुसऱ्याच्या हाताखाली हाय त्यांनी गप बसावं म्हणावं की," कमलम्मानेही भिंतीलाच सांगितलं आणि रबर करकचून बांधलं.

सोलापुरातल्या त्या घरात सासूसुनेचं बोलणं दीड वर्षापासून असं भिंतीमार्फत चाललं होतं. भिंत बिचारी सोशीक! दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही. त्या बाबतीत ती घरातल्या कर्त्या पुरुषासारखीच होती. मात्र रोज सकाळी सुनेला सासूच्या पुढ्यात पाठ करून बसावंच लागे, कारण तिचा उजवा हात कानापर्यंत जाई आणि तिथेच अडे. केस कापून टाकले असते तर दोघींची सुटका होती. पण तो विषय ना सुनेने काढला, ना सासूने.

आणि उद्या ह्याच हाताने ती हिप्परग्याच्या तलावात उतरणार होती. आधी पोहायचं, मग तुळजापूर रस्त्याने सायकल मारायची, शेवटी पळायचं. ट्रायथलॉन म्हणतात त्या शर्यतीला. दुधनीहून लग्न होऊन आली तेव्हाच भुवनेश्वरी रुखवतात सायकल घेऊन आली होती, आणि कमलम्माने चारचौघींत विचारलं होतं, पोरगी नांदायला आलीय का पेपर टाकायला? पुढे तीच कमलम्मा सुनेच्या डब्यात शेंगांचे लाडू भरू लागली. चांगलं चाललं होतं... मग अक्कलकोट रस्त्यावर कुणाच्या तरी ट्रॉलीतून सांडलेल्या उसावर चाक घसरलं आणि खांद्याजवळ हाताचे तुकडे झाले.

डॉक्टर म्हणाले होते, आजच ऑपरेशन करू, आत धातूची पट्टी बसवू. पण इंजेक्शनच्या गुंगीतून भुवनेश्वरी जागी झाली ती सीमेकडच्या एका खेड्यात, मडिवाळप्पा नावाच्या हाडवैद्याच्या ओसरीवर. हाताला बांबूच्या कामट्या, त्यावर पाल्याचा हिरवा लेप. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी ते पुन्हा मोडलं, तेव्हा कुठे एवढा तरी हात परत आला.

पुण्याच्या त्या खाटेवरून तिने एकच प्रश्न विचारला होता. मला तिकडं कुणी नेलं?

सोमशेखर, तिचा नवरा, खिडकीपाशी उभा होता. मार्केट यार्डात भुसार मालाचा आडत्या. गोणीला टोचा मारून ज्वारीचं गाव सांगणारा माणूस. त्याचा चेहरा त्या क्षणी कसा पांढराफटक पडला, ते कमलम्माने पाहिलं. सुनेचे डोळेही तिने पाहिले. ह्या डोळ्यांना जो सापडेल तो ह्या घरातून कायमचा उठेल, हे तिला उमगलं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मी."

एका अक्षरात संसार वाचला, आणि एका अक्षरातच एक सासू वैरीण झाली!

खरं काय ते ती आणि तिचा लेक, दोघंच जाणत होती. ऑपरेशन झालं की ही पुन्हा सायकलवर बसणार, अव्वा, असं सोमशेखर तिला दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला होता. मडिवाळप्पाकडं हाडही जुळेल आणि हे खूळही सुटेल. दोन वर्षं झाली, घरात पाळणा नाही, लोक मला विचारतात... कमलम्मा भांडली होती. डॉक्टर शिकलेला माणूस हाय, त्याचं ऐक, म्हणाली होती. पण शेवटी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तीही त्या गाडीत बसली होती. तेवढं ती स्वतःला माफ करत नसे, आणि म्हणूनच बाकीचं पापही तिने मुकाट आपल्या नावावर घेतलं होतं.

लेकाने मात्र त्या एका अक्षराची चटकच लावून घेतली. पुढे जे जे बायकोला सांगायला जड जाई, ते अव्वाच्या नावावर खपू लागलं. माहेरी आठ दिवस राहू नको, अव्वाला आवडत नाही. तलावावर एकटी जाऊ नको, अव्वा चिडते. ज्या गोष्टी कमलम्माच्या स्वप्नातही नव्हत्या, त्यांचे शिव्याशाप तिला घरबसल्या मिळू लागले, आणि ती ते खाली मानेने घेत राहिली... आईच्या मायेला एवढीही अक्कल नसावी!

त्या संध्याकाळी दिवा लावून कमलम्मा देवघरासमोर बसली होती, तोच सून समोर येऊन उभी राहिली. भिंतीकडे न बघता. मागे सोमशेखर, तोंड उतरलेलं.

"हे म्हणतात, मी उद्या पाण्यात उतरले तर तुम्ही अन्न सोडणार. खरं आहे?"

कमलम्माने लेकाकडे पाहिलं. तो दिव्याकडे बघत होता. अन्न सोडणारी बाई दुपारी दोन कडक भाकऱ्या आमटीत चुरून जेवली होती, हे त्याला आठवत नसावं.

"म्हटलं असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? म्हटलं की नाही?"

"म्हटलं."

 भुवनेश्वरी खाली बसली, सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि थंड आवाजात म्हणाली,

"गॅसवर दूध उतू जात होतं आणि तुम्ही दारात माझी वाट बघत उभ्या होतात आज. तलावावरून यायला उशीर झाला म्हणून. ती बाई अन्न सोडते म्हणून धमकी देणारी नव्हे. दीड वर्ष मला काहीतरी जुळत नाही... सगळं जाऊ दे. एकच सांगा. मडिवाळप्पाकडं मला न्यायचं तुम्हीच ठरवलंत ना? मग गळ्यातल्या लिंगावर हात ठेवा आणि सांगा. तेवढं केलंत तर मी उद्या जात नाही. पुन्हा कधीच जात नाही. हा विषय मेला म्हणून समजा."

 कमलम्माच्या गळ्यात, चांदीच्या डबीत, इष्टलिंग होतं. जन्मल्यावर बांधलेलं, अंगावरून कधी न उतरलेलं. रोज सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तिने कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तोंडाने आजवर ती हजारदा खोटं बोलली असेल, सासू म्हणजे काय हरिश्चंद्र नव्हे. पण लिंगावर हात ठेवून खोटं बोललेली बाई त्यांच्यात जिवंतपणीच मेली म्हणतात. हे सुनेलाही ठाऊक होतं. तिच्याही गळ्यात लिंग होतंच की!

खरं बोलले तर लेकाचं घर मोडतं... गप राहिले तरी मोडतं...  हे देवा सिद्धरामा, माझं इहलोकीचं तर गेलंच, परलोकीचंही घे. पण ह्या दोघांना एका छताखाली ठेव. तिने डोळे मिटले. उजवा हात उचलला, परत मांडीवर टेकवला, पुन्हा उचलला. वर, वर, गळ्याकडे...

आणि तो अधांतरीच अडकला.

डोळे उघडले तर सुनेने मनगट धरलं होतं. जो हात कानाच्या वर जात नसे त्याच मोडक्या हाताने, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या.

"साकु," सून कानडीत म्हणाली. "बस झालं. कळलं मला." आणि मान न वळवता, "आता तुम्ही ठेवा लिंगावर हात."

हे सोमशेखरला होतं. त्याचा हात शर्टाच्या गुंडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. तो खाली बसला, मग हुंदके देऊ लागला. मी घाबरलो होतो, म्हणाला, तू पुन्हा पडशील म्हणून घाबरलो होतो... बरंच काही म्हणाला. कुणी ऐकून घेतलं नाही.

कमलम्मा सुनेचा हात चाचपत म्हणाली, "माझ्यामुळं..."

"हो, तुमच्यामुळं," भुवनेश्वरी उसळली, आणि आता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "त्यांना मी बघते. पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं मोठेपणा करायला? दीड वर्ष राग राग केला मी. चुकीच्या माणसाचा! तेवढं आयुष्य माझं कोण परत देणार? माझा राग ज्याचा त्याला पोचू द्यायचा होता की नाही?"

 आपण त्याग केला असं कमलम्मा समजत होती. दुसरीच्या हक्काचा राग आपण मधल्यामध्ये लाटला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सायकल टपावर बांधून सून रिक्षात बसली आणि बाजूची जागा रिकामी ठेवून रस्त्याकडे बघत राहिली. कमलम्मा मुकाट्याने जाऊन बसली. सोमशेखर दारात उभा राहिला. त्याला कुणी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

तलावात भुवनेश्वरी सगळ्यांच्या मागे पडली. उजवा हात पाण्याबाहेर अर्धाच निघे, पाखराच्या मोडक्या पंखासारखा, आणि कमलम्मा काठावरून प्रत्येक हाताला स्वतःचा खांदा उचलत होती. शेजारची बाई म्हणाली, आजी, तुमची पोरगी दमली वाटतं. "दमंल कशी? लई भांडकुदळ हाय," कमलम्मा म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

सायकल झाली. सून पळायला लागली तेव्हा ऊन चढलं होतं, तलावाच्या बांधावर सावलीचं नाव नव्हतं. आणि तिथेच, बांधाच्या वळणावर, सोमशेखर उभा दिसला. चुरगळलेला शर्ट, हातात पाण्याची बाटली, पुढे व्हावं की मागे सरावं अशा पवित्र्यात. कमलम्माचा जीव टांगणीला लागला. तिने आयुष्यात पहिल्यांदा लेकाच्या मदतीला जायचं टाळलं. जागची हलली नाही.

भुवनेश्वरी आली. तोंड लाल, पावलं जड. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण वेग कमी केला, बाटली हिसकावून घेतली, अर्धी प्यायली, अर्धी डोक्यावर ओतली आणि रिकामी बाटली त्याच्या पायांवर फेकून पुढे गेली.

बघणारे ओशाळून दुसरीकडे बघू लागले. सोमशेखर तसाच पुतळ्यासारखा, कान तापलेले. कमलम्मा हळूहळू चालत त्याच्यापाशी गेली. त्याने सवयीने तिच्याकडे पाहिलं, अव्वा आता काहीतरी बोलेल, सांभाळून घेईल, ह्या आशेने.

"उचल," ती म्हणाली. "आणि भरून आण. अजून एक फेरी हाय तिची."