एक फुलपात्र पाणी

हे मी चार लोकांच्या गप्पांत ऐकलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझ्या मावशीचे यजमान, सोपानकाका. त्यांनी हे मला आयुष्यात दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शब्द इकडचा तिकडं झाला नाही. थापाड्याला हे जमत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

साल १९७३. कार्तिक महिना. ठिकाण, भोरमधला डॉक्टर आनंदरावांचा दवाखाना.

आणि वेळ रात्रीची नव्हती बरं का. भर दुपारची होती.

काका तेव्हा तिशीचे, दवाखान्यात कंपाउंडर. म्हणून मी इथं नुसतं सोपान म्हणतो.

डॉक्टरांना माशांचा भारी नाद. बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची पेटी, तिच्यात सोनेरी मासे. पेशंट दुखणं विसरून बघत बसायचे. पण हे मासे घाण फार करतात. पेटीच्या कोपऱ्यातली बारकी गाळणी पुरेना, दोन दिवसांत पाणी गढूळ व्हायचं. शेवटी डॉक्टरांनी बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याला लिहिलं, की बाहेर ठेवायचा मोठा फिल्टर आण.

त्यानं आणला. दुधाच्या किटलीएवढा हिरवा डबा. आत वाळू, कोळसा आणि स्पंज. एका नळीनं पेटीतलं पाणी खाली डब्यात उतरायचं, दुसरीनं मोटर ते वर ढकलायची. भोरात असलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. सोपान ते हाताळायचा, आणि त्याची कॉलर ताठ असायची.

डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. "वाळू नळाखाली धरू नकोस, पेटीतल्याच पाण्यात खळबळ. तिच्यात बारीक जीव असतात, ते पाणी राखतात. आणि डबा तासाच्या वर उघडा ठेवू नकोस."

त्या दिवशी भोरचा बाजार होता. दवाखाना एकला बंद झाला. सोपाननं डबा उघडला, कोळसा धुवायला घेतला. हात कोपरापर्यंत काळे.

तेवढ्यात दारात गेनू उभा राहिला. पासलीचा गेनू, सोपानच्या गावचा.

"सोपाना, पारूकाकूचं काय खरं न्हाई. कुनाच्या हातचं पानी घेईना. तुझं नाव घेतीया. चल, दोनची येस्टी हाय."

पारूबाई म्हणजे सोपानची चुलती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तिला पोटची एक मुलगी, चंद्राबाई. मुलगा नाही. त्यामुळं ती सगळ्यांना सांगून बसली होती, की मरताना माझ्या तोंडात पाणी सोपाननंच घालायचं.

पण या आधी तिनं त्याला तीनदा असंच बोलावून घेतलं होतं. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढं डोंगरातनं पायपीट. धापा टाकत जावं, तर म्हातारी अंगणात भात पाखडत बसलेली.

"डबा उघडा हाय," सोपान म्हणाला. "आत्ता सोडला तर मासं मरत्याल. उद्या येतो म्हनावं."

गेनूनं पेटीकडं पाहिलं.

"मासं?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

काका म्हणायचे, डबा काय, अर्ध्या तासात बंद झाला असता. दोनची गाडी मिळालीच असती. खरं हे, की त्यांना जायचंच नव्हतं.

त्यानं पहिलं काळंकुट्ट पाणी मोरीत ओतलं.

आणि मोरीतून आवाज आला...

घुटक... घुटक...

मोरी तुंबली असेल, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पासलीला पोचला, तोवर चिता विझली होती. भावकीनं गराडा घातला. निरोप धाडूनही आला का नाहीस?

सोपानच्या तोंडून निघून गेलं, "निरोप मिळालाच न्हाई मला."

गेनू चार हातांवर उभा होता. त्यानं मान खाली घातली. लोक म्हणाले, बाजारात ढोसून पडला असेल. त्या दिवसापासून गावात कुणी गेनूवर साधा निरोपही सोपवेना. आणि सोपान गप्प राहिला.

दहावं उरकून तो भोरला परतला.

पहिल्याच दुपारी पेटीतलं पाणी कमी दिसलं. फार नाही... एक फुलपात्र.

डब्याचा वायसर गळत असेल. त्यानं नवा बसवला, व्हॅसलिन लावलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं.

कागद कोरडा राहिला. पाणी पुन्हा एक फुलपात्र कमी.

डॉक्टर म्हणाले, उन्हानं आटतं. पण कार्तिकात कसलं ऊन? सोपाननं काचेवर चिकटपट्टीची खूण केली. पाणी सकाळी हलायचं नाही, संध्याकाळी हलायचं नाही. दवाखाना बंद झाला, की दीडच्या सुमाराला खाली उतरायचं.

एका दुपारी तो समोर स्टूल टाकून बसला. मोटरची घरघर चालू होती. मासे नेहमी वर येऊन तोंड उघडायचे... त्या दिवशी सगळे एका कोपऱ्यात दाटीनं उभे.

वीज गेली. घरघर थांबली.

डब्यातून आवाज येतच राहिला.

घुटक... घुटक... घुटक...

वीज आली, पण मोटर पाणी ओढेना. नळीत हवा शिरली होती. अशा वेळी नळी डब्यापासून सोडवायची, तोंडानं पाणी ओढायचं आणि पाणी आलं की परत जोडायची. हे त्यानं शंभरदा केलं होतं. त्यानं नळी ओठांत धरली आणि ओढली.

पाणी येईना.

त्यानं जोर लावला...

आणि पलीकडून कुणीतरी ओढलं.

त्याच्या तोंडातला श्वास, थुंकी, सगळं नळीत गेलं. ओठ नळीला चिकटून बसले. पलीकडचं टोक तर पाण्यात मोकळं होतं, काचेतून त्याला स्वच्छ दिसत होतं. तिथं काहीच नव्हतं.

त्यानं कसेबसे ओठ सोडवले, आणि दुसऱ्या दिवशी पासली गाठली. आधी गेनूचं घर. चंद्राबाईला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिथंच बोलावलं आणि सगळ्यांदेखत बोलला. "गेनूनं निरोप दिला व्हता. म्या खोटं बोललो. मला यायचं नव्हतं."

गेनू म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." पण नजरेला नजर दिली नाही.

सोपाननं चंद्राबाईचे पाय धरले. "आक्का, काकू तशीच गेली ना? तहानलेली?"

चंद्राबाईनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं.

"तहानली कशानं? तूच की पाजलंस."

"म्या?"

"गेनू बाजाराला गेला त्या दिशी. सूर्य माथ्यावरनं जरा कलला तवा. आमी वाटी लावली तर मान फिरवली. मग आपसूक तोंड उघडलं आन् गिळाय लागली. आमाला घुटके ऐकू येत व्हते. म्हनली, सोपान आला गं. त्यानंच पाजलं."

सोपानला रडू कोसळलं. सुटलो, असं त्याला क्षणभर वाटलं.

चंद्राबाई पुढं बोलायला कचरत होती.

"सांगू नये, पर ऐक. तिच्या तोंडाच्या कडंनं पानी गळलं, ते काळं व्हतं. म्या पदरानं पुसलं. कोळशाची कनी लागली हाताला. तिनं वंगाळ तोंड केलं, पर थुकली न्हाई. तू दिलंस म्हनून समदं प्याली."

माणूस मरताना त्याच्या ओठी चांगलं पाणी घालतात. सोपाननं माशांची घाण पाजली होती.

पुढं डॉक्टरांनी पेटी काढून टाकली. डबा मोडीत गेला.

सात-आठ वर्षांमागं मी काकांकडं गेलो होतो. जेवणं झाली. काकांनी माठ घासला, विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून काठोकाठ भरला, वर ताट ठेवलं. नाव घेतलं नाही, पण हात जोडले. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही माठासमोरच बसून होतो.

दीडनंतर त्यांनी ताट उचललं. मी वाकून पाहिलं.

एक फुलपात्र कमी.

"रोज चांगलं देतो रं," काका म्हणाले. "तरी ती पुरं म्हनत न्हाई. त्या घानीची चव जात नसंल का तोंडाची?"

त्या घरात मी परत पाणी प्यालो नाही.