चाराचे सहा

चहाच्या खोलीच्या दारात दोघांची टक्कर झाली, आणि तिच्या कपातला अर्धा चहा त्याच्या बाहीवर गेला.

"आमच्या टीमला टार्गेट देणाऱ्या तुम्हीच ना?" बाही पिळत तो हसला. "तरीच! अंगावर काही ना काही टाकायची सवयच दिसते."

ती ओशाळली... आणि मग तीही हसली.

तिचं काम समजायला सोपं. लोक मदतीसाठी फोन करतात. तो लवकर उचलला जावा म्हणून कोणत्या वेळी किती माणसं खुर्चीत हवीत, तो आकडा, म्हणजेच टार्गेट, ती सॉफ्टवेअरमध्ये भरायची. मग कोणी बसायचं आणि कोणी चहाला उठायचं, हे सॉफ्टवेअर ठरवायचं. तो फोन उचलणाऱ्या टीमचा लीडर. दर सोमवारी टार्गेटवर वाद घालायला यायचा, हरायचा, आणि जाताना तिच्या टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करून जायचा. अहो-जाहो केव्हा गळून पडलं, कळलंही नाही.

मग टीममध्ये कुरळी आली. केसांमुळे सगळे तिला कुरळीच म्हणत. रोज चार वाजता काचेपलीकडे कुरळी आणि तो — एकच बाक, डोक्याला डोकं लावून कुजबुज. सोमवार आला, तो आलाच नाही. तिचा नुसता जळफळाट झाला. तिने चार वाजताचा आकडा उघडला आणि चाराचे सहा केले. बसा आता खुर्चीत दोघं!

रागाच्या भरात एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नाही — टीममध्ये माणसंच सहा होती. सगळ्यांचाच चहा बंद झाला.

दोन दिवसांनी कुरळी दारात उभी. मागे तो.

"ताई, चार वाजता फोन वाजतच नाही हो. आम्ही सहाजण त्याच्याकडे टक लावून बसतो. आकडा चुकलाय का?"

'ताई' टोचलं. पण कुरळीचा सुकलेला चेहरा जास्त टोचला.

"चुकला नाही... मी मुद्दाम वाढवला."

"मुद्दाम? का?" त्याने विचारलं.

"तुमचा तो रोजचा चहा..."

"अगं बाई!" कुरळीने कपाळाला हात लावला. "चहा कसला, शिकवणी ती! लीडरच्या खुर्चीत कसं बसायचं, ते सर घोटून घेतात. सोमवारी तर परीक्षाच होती. झाले एकदाची पास!" दोघांकडे बघून ती हळूच सटकली.

तो कानापर्यंत लाल. "तू साडेचारला चहा घेतेस. माझी खुर्ची सांभाळणारं कोणी असल्याशिवाय मला तेव्हा, फोनच्या गर्दीत, उठता येत नाही. आणि मला तुझ्याशी दोन वाक्यं बोलायची होती."

"कोणती?"

"एक — तू मला आवडतेस. दुसरं... विसरलो."

तिने मान खाली घातली आणि सहाचे चार केले. "आधी टीमची माफी मागते. पण साडेचारला पाच माणसं लागतात. एकही कमी करणार नाही!"

"टीममध्ये सहा. मी सोडून पाच."

तिने पडद्याकडे पाहिलं. हिशेब बरोबर होता. वादात तो पहिल्यांदाच जिंकला होता.

"चल," ती म्हणाली, "पण कप तू धर."