दुपारचं पाणी

रत्नमाला घर बघायला निघाली तेव्हा तिच्या मनात भीती होती ती फक्त भाड्याची.

साड्यांच्या दुकानात ती काउंटरला होती. त्या दिवशी मालकाला विचारून ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली. सात वर्षांची संस्कृती बोटाला होती. ऊन असं होतं, की क्रांती चौकातलं डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

ती मूळची सिल्लोडची. नवऱ्याशी पटलं नाही. तो पुण्याला गेला तो गेलाच, आणि ही पोरीला घेऊन शहरात राहिली. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत तिचं बरं चाललं होतं. मग शहराबाहेर बिडकीनकडं कंपन्या यायला लागल्या, बाहेरून माणसं आली, आणि दोन खोल्यांचं भाडं असं चढलं की तिचा पगार त्याच्यापुढं उभाच राहीना. घरमालकानं गोड बोलून जागा मोकळी करायला सांगितली. तेव्हापासून ती घरं बघत होती. जे घर झेपण्यासारखं असायचं, तिथं पहिला सवाल यायचा, मिस्टर काय करतात? तिनं खरं सांगितलं, की ते घर कुणाला तरी आधीच दिलेलं निघायचं.

कटकट गेटाजवळचं हे घर दुकानात येणाऱ्या एका बाईनं सुचवलं होतं. मालक हबीबभाई जिन्याखाली वाट बघत उभे होते. साठीला टेकलेले, गाद्या भरायचा धंदा, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नेलं, कुलूप काढलं. दोन खोल्या, एक ओटा, कोपऱ्यात मोरी. भिंतीशी लावलेली एक जुनी खाट. घर बंद होतं तरी आत कोंदट वाटत नव्हतं. उलट गार होतं.

त्यांनी नवऱ्याचं विचारलंच नाही. दुपारी घरात कुणी असतं का, एवढंच विचारलं. पोरगी शाळेतून दुपारी येते, मी संध्याकाळी, शेजारी सांगून ठेवीन, असं रत्नमालानं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी भाडं सांगितलं, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. बाजारभावाच्या निम्मंही नव्हतं.

“ताई, छुपाके नै देता मै,” ते हळू आवाजात म्हणाले. “आमची अम्मी इथंच गेली. जमिलाबी. दोन वर्षं झाली. तिच्यामागं इथं कुणी टिकलं नाय.”

“काय... करतात त्या?”

“काहीच नै. कुणाला तकलीफ नै. असते, म्हणतात लोक.”

“तुम्हाला दिसल्या?”

हबीबभाई खाटेकडं बघत राहिले. “मेरेकू नै. कितीदा येऊन बसलो. हाका मारल्या. विकायला मन होत नाय, आणि बंद ठेवलं तर ती एकटी पडते. म्हणून भाडं कमी. घरात कुणाचा तरी आवाज असावा.”

घरी जाऊन विचार करते, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण महिनाअखेर डोक्यावर आली होती. आणि मेलेल्या म्हातारीनं तिला, मिस्टर कुठं असतात, असं तर विचारलं नव्हतं. तिनं किल्ली घेतली.

पहिले काही दिवस निवांत गेले. रत्नमाला दिवा लावताना खाटेकडं बघून नकळत हात जोडायची, एवढंच. मग नळाचा दिवस आला.

या शहरात नळ रोज येत नाही. आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि वेळेचा भरवसा नाही. पाणी सुटलं की गल्लीभर भांड्यांचा खणखणाट उठतो. जो घरी नसेल त्याचा आठवडा कोरडा. त्या संध्याकाळी जिन्यातच तिला कळलं, की नळ भर दुपारी येऊन गेला. पिंपात तळाशी होतं तेवढंच पाणी होतं.

दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थांबली. पिंप भरलेलं. ओट्यावरचा हंडा भरलेला. कळशी, बादल्या, पातेली, अगदी देवाजवळचा तांब्यासुद्धा काठोकाठ. प्रत्येकावर धुतलेलं फडकं झाकलेलं, चारी टोकं खाली दुमडून. संस्कृती खाटेवर झोपली होती. तिच्या केसांची घट्ट, बारीक वेणी घातलेली होती. अशी वेणी रत्नमालाला येतही नव्हती.

“पाणी कुणी भरलं गं?” पोर उठल्यावर तिनं विचारलं.

“दादीनं,” संस्कृती जांभई देत म्हणाली. “मी म्हटलं मी पण भरते. ती म्हणाली, नको बेटा, पाण्याजवळ तू नको.”

रत्नमालानं पोरीची वेणी सोडली, पुन्हा आपल्या हातानं घातली, आणि ती सैल पडली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं परत घरं बघायला सुरुवात केली. एजंटाबरोबर सिडकोत फिरली, गारखेड्यात फिरली. एका ठिकाणी जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या खोलीसाठी तिच्या पगारातलं जवळजवळ सगळंच मागितलं. दुसरीकडं कंपनीतली मुलं जास्त द्यायला तयार होती. संध्याकाळी ती थकून कटकट गेटाला परत यायची. घरात पाणी भरलेलं असायचं, पोर हसत असायची, आणि हळूहळू तिच्या बोलण्यात दादीचं ‘हौ’ आणि ‘नक्को’ यायला लागलं होतं. ते ऐकलं की रत्नमालाच्या मनात यायचं, पोर माझी राहील ना?

शेवटी तिनं ठरवलं, आपणच बघायचं. पुढचा नळ यायच्या सुमाराला तिनं दुकानातून रजा घेतली. संस्कृतीला शाळेत सोडलं आणि पडदे ओढून खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली. दुपार चढत गेली. बाहेर गल्लीही निपचित पडली. मग लाइट गेली. कूलरचा पंखा घरघरत घरघरत थांबला, आणि इतकी शांतता झाली की तिला आपल्याच बांगडीचा आवाज मोठा वाटला.

नळ फुसफुसला. आत हवा खाकरली. मग बादलीत पाण्याची धार पडायला लागली.

तिनं नळ सोडलेला नव्हता.

मोरीतून चपला ओढत चालल्याचा आवाज आला. हळू, खूप हळू. बादली फरशीवर सरकली. वाकताना म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडकतो, तसा एक श्वास अडकला... “या अल्लाह...” कुणीतरी पुटपुटलं. आणि खोलीत वास पसरला. खोल विहिरीत डोकावल्यावर तोंडावर येतो तसा, शेवाळाचा आणि गार दगडाचा.

रत्नमालाचे दात वाजत होते. तरी ती बोलली. न बोलून चालणारच नव्हतं.

“आई...” ती म्हणाली. “आम्हाला दुसरीकडं जागा नाय हो. कुठंच नाय. तुमच्या घरात राहू द्या. पण पोरगी... मला एकच आहे. तिला लळा लावून... नेऊ नका.”

धार थांबली. चपलांचा आवाजही थांबला. मग अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

“मेरी बी एकच थी, बेटी.”

रत्नमालानं मान वर केली. मोरीच्या तोंडाशी भरलेली बादली फरशीपासून वीतभर वर उचललेली होती. तिथंच लोंबकळत थरथरत होती. वर घेणाऱ्या हातात तेवढं बळ नव्हतं. पाणी हिंदकळून खाली सांडत होतं.

तिला पुढं कधी सांगता आलं नाही, की त्या वेळी भीती कुठं गेली. ती उठली. बादलीच्या कडीला तिनं हात घातला, तेव्हा तिच्या बोटांना गार, सुरकुतलेली बोटं लागली. दोघींनी मिळून बादली ओट्यावर ठेवली.

महिन्याच्या सुरुवातीला हबीबभाई आले. नेहमीसारखं दारातूनच विचारलं, काही बोलली का अम्मी? दर वेळी ती नाही म्हणायची. या वेळी तिनं त्यांना आत बसवलं, चहा दिला, आणि ऐकलं होतं ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग खाली बघत, तुटक तुटक सांगायला लागले. त्यांना एक धाकटी बहीण होती, नौशीन. तेव्हा ते सगळे बिडकीनच्या पलीकडं एका खेड्यात राहायचे. एका उन्हाळ्यात अम्मी तापानं फणफणली होती, दुपारी जरा पाठ टेकली. अम्मीला उठायला लागू नये म्हणून सहा-सात वर्षांची नौशीन छोटी कळशी घेऊन एकटीच विहिरीवर गेली. कळशी तरंगत होती, तिच्यावरून कळलं. त्याच साली अब्बांनी विहीर दगडमातीनं बुजवली आणि बिऱ्हाड शहरात आणलं. आता तिथं विहिरीची खूणसुद्धा नाही. जमीन गेली, वरून कंपन्यांचा रुंद रस्ता गेला.

“अम्मीनं तिचं नाव परत कधी घेतलं नै,” ते म्हणाले. “पण मरेपर्यंत दुपारी आडवी झाली नै ती. आम्ही म्हणायचो, सो जाव अम्मी. ती भांडी घासत बसायची.”

जाताना ते दारात रेंगाळले. त्यांचा मुलगा साकिब मागं लागला होता, की हे घर कंपनीतल्या साहेबांना पुऱ्या भाड्यानं देऊ. त्याला आपण नाही म्हणून सांगितलं आहे, असं त्यांनी सांगितलं. भाडं वाढवायचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही. रत्नमालानंही घरं बघायचं सोडून दिलं.

वैशाखात मोठी जलवाहिनी फुटली. सगळ्या शहराचा घसा कोरडा पडला. टँकरपुढं बायका भांडत होत्या, नळ तर खाकरतही नव्हता. आणि त्या घरात भांडी भरत राहिली. रत्नमालानं कुठून, असं विचारलं नाही. शेजारच्या दोन घरांना ती गुपचूप कळशी-कळशी पाणी देत राहिली.

हबीबभाई आले तेव्हा घामाघूम झाले होते. तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं. त्यांनी एक घोट घेतला आणि ते थांबले. डोळे मिटून दुसरा घोट घेतला. मग लहान पोरानं प्यावं तसा ओंजळ लावून सगळा तांब्या संपवला. दाढीवरून पाणी ओघळत होतं, की डोळ्यांतलं, ते कळत नव्हतं.

“आधी मचूळ लागतं,” ते कसंबसं म्हणाले. “मग मागाहून गोड. आमचीच विहीर आहे ही.”

त्यांनी खाटेच्या उशाला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि निघून गेले.

शाळेला सुट्टी लागली तशी रत्नमाला पोरीला घेऊन सिल्लोडला आईकडं गेली. दोन दिवस म्हणता म्हणता आठवडा झाला. परत आल्या तेव्हा टळटळीत दुपार होती. कुलूप जसंच्या तसं होतं. तिनं दार लोटलं, आणि आत पाऊल टाकता टाकता तिचा हात आपोआप संस्कृतीच्या तोंडावर गेला, पोरीनं मोठ्यानं बोलू नये म्हणून.

खाटेवरची चादर मधोमध दबलेली होती. उशीला खोलगा पडला होता. आणि चादर अगदी हलके वर येत होती, खाली जात होती. गाढ झोपेतल्या माणसाच्या अंगावरची हलते, तशी. इतक्या वर्षांनी दुपारची कुणीतरी पाठ टेकली होती.

रत्नमालाचे डोळे भरून आले. ती चवड्यांवर ओट्याकडं गेली. वरचा हंडा कोरडा ठणठणीत होता. मांडणीवरच्या कळश्याही रिकाम्या. भरलेली होती ती फक्त खाली जमिनीवरची भांडी, लहान हात पोचेल तेवढीच. त्यांच्यावर फडकी होती, पण वाकडीतिकडी, एका बाजूला लोंबणारी.

तिनं संस्कृतीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मोरीत, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतक्या जपून, कुणीतरी पाण्यात छोटी कळशी बुडवली.