जानेवारीतली वाफ

लहान मुलांच्या छात्या ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली. दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात मी दम्यावर संशोधन करायची आणि माझ्या कानांचा मला भलताच गर्व होता. डोळे बांधले तरी श्वासातली ही शिट्टी कोणत्या मुलाची ते सांगेन, अशी बढाई मी सहकाऱ्यांसमोर मारत असे. वासंतीची तर झोपेतही ओळखली असती. बारीक, उंच आणि शेवटी किंचित थरथरणारी.

ती सात वर्षांची. बाप साताऱ्याकडचा जवान, घर कॅन्टोन्मेंटमध्ये. १९७४च्या जानेवारीत तिची आई सखुबाई तिला घेऊन आली, तेव्हा धुक्यामुळे खिडकीतून फाटकही दिसत नव्हतं. हीटर बिघडला होता. बोलताना माझ्या तोंडून वाफ निघत होती.

"पोर बरी हाय," सखुबाई म्हणाली. "मी माझ्यासाठी आलेय, बाई."

"आधी हिला तर बघू दे."

वासंती टेबलावर पाय हलवत बसली होती. "आंटी, मूंगफली खाणार?" तिनं विचारलं. मी हसून तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

शिट्टी नव्हती. श्वासही नव्हता.

दम्यात आवाज बंद पडणं हे सगळ्यांत वाईट लक्षण. हवा आतबाहेर होत नाही आणि बघता बघता मूल हातचं जातं. ऑक्सिजनसाठी सिस्टरला हाक मारणार, तेवढ्यात वासंती शेंग सोलत म्हणाली, "ठंडा लागतंय, आंटी." तिचे ओठ गुलाबी होते. हृदय व्यवस्थित चालू होतं. मी पर्समधला आरसा तिच्या नाकाशी धरला, तो स्वच्छच राहिला. ती बोलत होती, हसत होती आणि एवढ्या गारठ्यात तिच्या तोंडून जराही वाफ येत नव्हती.

"आता माझी छाती बघा," सखुबाई म्हणाली.

तिच्या छातीत दोन श्वास होते. एक मोठ्या बाईचा, सावकाश. त्याच्या आडून दुसरा, भरभर चाललेला. बारीक, उंच, शेवटी किंचित थरथरणारा. मी स्टेथोस्कोप कानांतून काढला. मला भीती वाटली, त्याला दुसरा शब्द नाही.

"दिवाळीत माझ्या मांडीवर ती गपगार झाली," सखुबाई खाली बघत म्हणाली. "मी म्हणलं, माझा घे. तिनं घेतला."

मी स्टेथोस्कोप पुन्हा तिच्या छातीला लावला.

"परवा माझ्या पित्ताच्या खड्यांचं आपरेशन हाय. भूल दिली की श्वास मशीनवर घेणार, म्हणत्यात. मशीन दोघींचा घेईल का, बाई?"

ऑपरेशन पुढे ढकलायला मी सांगून पाहिलं, पण दुखणं तिला सोसवत नव्हतं. शेवटी त्या दिवशी मी रजा टाकली आणि थिएटरबाहेरच्या बाकावर वासंतीला मांडीवर घेऊन बसले. ऑक्सिजनचं सिलिंडर पायाशी ठेवलं होतं. वासंती मला शाळेतल्या मैत्रिणीचं भांडण सांगत होती.

दारावरचा लाल दिवा लागला. थोड्या वेळानं तिचं वाक्य मध्येच तुटलं.

तिची मान माझ्या खांद्यावर पडली. ओठ निळे पडत होते.

मास्क लावला. काही उपयोग झाला नाही.

मग कशावरच विश्वास नसलेली मी तिच्या कानाशी म्हणाले, "माझा घे."

माझ्या छातीत बारीक शिट्टी वाजली. वासंतीनं डोळे उघडले.

सखुबाई सुखरूप शुद्धीवर आली. मी तिची छाती तपासली, आत एकच श्वास होता. "माझा घे म्हणून किती सांगितलं," ती चार दिवसांनी रडत म्हणाली. "माझ्याकडं माघारी येतच न्हाई ती." वसंतात त्यांची आसामला बदली झाली आणि पुढे काही कळलं नाही.

आता मी निवृत्त आहे. तब्येतीला जपते, दुसऱ्या कुणाची वस्तू जपावी तशी. थंडीत सकाळी गच्चीवर उभी राहिले की वाफ दोनदा निघते, आधी माझी आणि लगेच छोटी. वासंती कुठेतरी जगते आहे, या विचारानं हायसं वाटतं. तिचं लग्नही झालं असेल.

यंदाच्या पहिल्या गारठ्यात आम्हा दोघींची वाफ विरली आणि मागोमाग तिसरी आली. अगदी इवलीशी, तान्ह्या मुलाच्या वेगानं.