अर्ध्या तारेची ऊब

तार अर्धी झाली आणि ऊब मात्र वाढली. हे कोडं केतकीला सुटत नव्हतं, आणि ते सुटलं नसतं तर तिची आई कदाचित परत आली नसती.

केतकी आणि तिचे आजोबा मंगळावरच्या तांबडवाडीत राहत होते. नावाला वाडी, घरं सगळी जमिनीखाली, झाड एकही नाही. केतकीची आई सुनेत्रा दगडांचे नमुने आणायला गाडी घेऊन गेली होती आणि परतताना गाडी घळीत घसरली. तिला आणायला दुसरी गाडी निघाली होती, पण ती पोचायला नऊ तास लागणार होते. तोवर मंगळाच्या त्या जीवघेण्या थंडीत आईला आधार होता एका बॅटरीचा आणि एका हीटरचा.

आदळआपटीत हीटरची कॉइल (गुंडाळलेली तार, जी तापून ऊब देते) नेमकी मधोमध तुटली. हीटरचं बटणही मोडलं. मग सुनेत्राने तेच केलं, जे पृथ्वीवर त्यांच्या घरी शेगडीची कॉइल तुटली की करायचे. तुटका तुकडा बाजूला टाकायचा, उरलेली तार ताणून जोडून द्यायची, की शेगडी पुन्हा लालबुंद.

"उलट आता जास्तच ऊब येतेय, अप्पा," ती रेडिओवर म्हणाली. "आणि तार अर्धीच, म्हणजे वीजही निम्मीच जात असणार."

आजोबांचा चेहरा उतरला. सगळं आयुष्य त्यांनी विजेच्या संशोधनात घातलं होतं.

"मीटरचे काटे काय दाखवतायत?" त्यांनी विचारलं.

"चोवीस व्होल्ट. बारा अँपिअर."

"ही जोडणी मीच शिकवली होती तिला," आजोबा पुटपुटले. "केतकी, हिशेब तू कर. माझं डोकं चालेनासं झालंय."

"मला कुठे येतो?"

"येईल. चोवीस व्होल्ट म्हणजे विभवांतर (विजेला पुढे ढकलणारा जोर). बारा अँपिअर म्हणजे विद्युतधारा (तारेतून वीज किती वाहते त्याचं माप). आणि तार विजेला अडवते, तो रोध. तो ओहममध्ये मोजतात. जोराला धारेने भाग, रोध मिळेल."

"चोवीस भागिले बारा. दोन ओहम."

"अख्खी कॉइल चार ओहमची होती. तार अर्धी, म्हणून अडथळा अर्धा. आणि जोर मात्र तेवढाच. मग धारा किती होणार?"

अडवणारं कमी झालं, तर वाहणारं वाढणारच. "दुप्पट," केतकी हळूच म्हणाली. "आधी सहा होती, आता बारा."

"आता जोराला धारेने गुण. ती शक्ती (दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा). ती वॅटमध्ये."

चोवीस गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट. अख्ख्या तारेला लागत होते चोवीस गुणिले सहा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. कोडं सुटलं होतं आणि केतकीला ते सुटायला नको होतं. आई निम्मी वीज वाचवत नव्हती, दुप्पट जाळत होती.

"बॅटरीत उरलेत चौदाशे चाळीस वॅट-तास," सुनेत्राला रेडिओवर विचारून आजोबा म्हणाले. "एक वॅट-तास म्हणजे एक वॅट तासभर पुरेल एवढी ऊर्जा."

केतकीने भागाकार केला. मग पुन्हा केला, काही चुकलं असेल या आशेने. काही चुकलं नव्हतं. पाच तास. आणि गाडी नऊ तासांनी. तिला रडूही येईना. गणितात एरवी तिच्या हजार चुका व्हायच्या, आज एक होत नव्हती.

"तार मधूनमधून काढून ठेवली तर?"

"थंडीने बोटं आखडतील. पुन्हा जोडता नाही आली तर संपलंच."

"मग तो टाकलेला तुकडा परत जोडू दे तिला. अडथळा वाढेल."

आजोबांनी मान वर केली. त्यांनी रेडिओ ओढून घेतला. "सुनेत्रा, तुटलेला तुकडा कुठंय?"

"सीटखाली असेल. शेजारी शेजारी जोडू?"

"अजिबात नको. तसं केलंस तर विजेला दोन वाटा मिळतील आणि ती आणखी जोरात पळेल. एकाच्या टोकाला दुसरा, एकामागे एक."

"म्हणजे तोवर हीटर बंदच."

"हो."

रेडिओवर नुसती खरखर ऐकू येऊ लागली. ती थांबेना. आजोबांनी डोळे मिटले. आई बोलत का नाही, हे विचारायची केतकीला भीती वाटत होती. उत्तर आलंच नाही तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. आईची बोटं आखडली असतील, तार हातातून पडली असेल, असलं नको नको ते तिच्या मनात येत राहिलं. तिने आजोबांचा हात घट्ट धरला. तोही गार होता.

"जोडली," आईचा आवाज आला. दात वाजत होते, शब्द नीट निघत नव्हते. "काटा सहावर आलाय."

सहा अँपिअर. एकशे चव्वेचाळीस वॅट. चौदाशे चाळीसला एकशे चव्वेचाळीसने भागायला केतकीला कागद लागला नाही. दहा तास. गाडी येईल तेव्हा बॅटरीत तासाभराची वीज शिल्लक असेल.

"पण ऊब एकदम कमी झाली गं," आई म्हणाली. "फार थंडी वाजतेय. काही चुकलं तर नाही ना माझं?"

आता मात्र केतकीला रडू फुटलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "बरोबर जोडलंस. वाजू दे थंडी. नऊ तास वाजू दे."