एक, शून्य, सात, शून्य

ही गोष्ट २००८ सालच्या उन्हाळ्यातली. इजिप्तच्या अलेक्झांड्रियात तेव्हा लॅपटॉप इतके जड असत, की उचलून नेणाऱ्याची कीव यावी. तरी लोक त्यांना कुलपं लावत. एक जाड तार. तिचं एक टोक टेबलाच्या पायाला आवळलेलं, दुसऱ्या टोकाचं आकड्यांचं कुलूप लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत अडकवलेलं.

डॉक्टर महासिन रिफाई खासगी तपासनीस नसीम तादरोसकडे आल्या आणि न बसताच बोलू लागल्या.

"चोर मला माहीत आहे. गिझलान, माझी मोरोक्कोची विद्यार्थिनी. तुम्ही फक्त लॅपटॉप मिळवून द्या. त्यात दक्षिणेकडच्या न्युबियाच्या, धरणात बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांची गाणी आहेत. गाणारी एकही उरली नाही आता."

"दुसरी प्रत?"

"काढली असती, तर तीच कुणीतरी चोरली असती."

नसीमचा मित्र शौकी चहा ढवळत होता. "आता मूळच गेलं की, बाई."

महासिननं त्याच्याकडे पाहिलं. चमचा थांबला.

संशोधनाची खोली समुद्राकडे तोंड करून होती. टेबलाच्या पायाशी कापलेली तार पडली होती, दुसरा तुकडा टेबलावर, त्याच्या टोकाला कुलूप. शौकीनं ते निरखलं.

"कोरं करकरीत. ओरखडासुद्धा नाही."

कुलपाच्या चाकांवर इंग्रजी आकडे होते. एक, शून्य, सात, शून्य.

"खरा आकडा टेबलाच्या बिल्ल्यावरचा, पंधराशे पासष्ट," महासिन म्हणाल्या. "इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बिल्ला बघा. त्यावर आपले अरबी आकडे आहेत, मोरोक्कोत इंग्रजीच चालतात. आपला पाच गोल, म्हणून मोरोक्कोची माणसं त्याला शून्य वाचतात. आपला सहा त्यांना सात दिसतो. तिनं एक-शून्य-सात-शून्य लावून पाहिलं, उघडलं नाही, तार कापली."

"हे तुमच्या लक्षात आलं?"

"सकाळी इनासनं दाखवलं. माझी मुलगी. जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलं गाढवीनं. संध्याकाळी गिझलानला पोलिसांत देते."

गिझलान बाहेर बाकावर बसली होती. गालावर चार बोटं उमटली होती.

"कुणी मारलं?" नसीमनं विचारलं.

"बाईंनी. गाणी मीच लिहून काढली, साहेब. मी का नेईन?"

"आकडे चुकतात तुझे?"

"आल्या आल्या चुकायचे. पंधरा नंबरची ट्राम समोरून जायची नि मी दहा नंबरची समजून सोडायचे. दीड वर्ष झालं त्याला. एकट्या इनासला सांगितलं होतं, तर पोट धरधरून हसली. मग लाजेनं दुसऱ्या कुणाला बोलले नाही."

शौकीलाही हसू आलं, पण गालाकडे पाहून त्यानं ते आवरलं.

झाडलोट करणारे शाबानकाका पक्कड घेऊनच आले. "तार या पकडीनंच कापली असणार. पण माझी पेटी उघडीच असते, कुणीही नेईल. आणि गिझलानला आकडे वाचता येत नाहीत म्हणता? मासळीवाल्याच्या पाटीवरचा भाव वाचून भांडते ती त्याच्याशी."

इनास आईसाठी कॉफी करत होती. पस्तिशीची, बारीक आवाजाची.

"आईचं रेकॉर्डिंगचं यंत्र मी लहानपणापासून वाहिलंय. अस्वानच्या उन्हात."

"म्हणजे गाण्यांच्या पुस्तकावर तुझंही नाव येणार?" शौकीनं विचारलं.

"गिझलानचं येणार आहे," ती म्हणाली आणि कॉफी उतू जाऊ दिली नाही.

नसीमनं सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं.

"शौकी, तार कापून लॅपटॉप नेला, तर कुलूप कुठे राहील?"

"इथेच... नाही रे. खाचेत. लॅपटॉपबरोबर जाईल."

"मग इथे कसं?"

"हिसकून काढलं असेल."

"तर ओरखडे असते. तूच म्हणालास, कोरं आहे. म्हणजे खऱ्या आकड्यानं उघडलं. तार नंतर कापली, देखाव्यासाठी. मग चाकं फिरवून चुकीचा आकडा लावला. गिझलान स्वतःकडे बोट दाखवणारा आकडा ठेवील? शाबानकाकांना ती आकडे नीट वाचते एवढंच ठाऊक. ती पूर्वी चुकायची हे एकट्या इनासलाच माहीत होतं. आणि सकाळी आईला तो आकडा वाचून दाखवला तोही तिनंच."

इनासनं कप खाली ठेवला.

"कुठे आहे?" महासिनचा आवाज फुटला.

"समुद्रात. दगड बांधून. ती गाणी धरणाखाली बुडालेल्या गावांचीच होती ना, आई? पोचवली पाण्यात."

महासिननं टेबलाची कड धरली. गिझलानकडे वळून त्या म्हणाल्या, "तुझे कागद? लिहून काढलेले?"

"तुमच्याच कपाटात आहेत, तुम्हीच रोज ठेवून घ्यायचात. शब्द मिळतील, बाई. चाली नाही मिळणार."

नसीम पुढे फार जगला नाही. शौकी ही गोष्ट सांगतो, पण कुलूप लॅपटॉपबरोबर गेलं असंच सांगतो. शाबानकाका पेटीला कुलूप लावू लागले.

महासिननं तक्रार केली नाही. इनासला घरातच ठेवलं. ती रोज कॉफी करते, आई ती तिच्यादेखत मोरीत ओतते.

गिझलान महिन्याभरात मोरोक्कोला, फेझला परतली. चाली तिला तोंडपाठ होत्या. पुढे तिला लेकरू झालं, त्याला अंगाई म्हणून ती तीच गाणी म्हणते. कुणाला रेकॉर्ड करू देत नाही. महासिन दर शुक्रवारी फोन करतात. गिझलान फोन उचलते. मागे लेकरू रडत असतं. गिझलान अंगाईची पहिली ओळ गुणगुणते आणि फोन ठेवते.